शिक्षकाचा पगार, शिक्षकाची सुट्टी आणि आपली जीभ

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आम्हाला समितीने विषय दिला 'शिक्षणाचे महत्त्व'. या विषयावर बोलणारे विद्वान पुष्कळ आहेत. आम्ही पडलो गिरणी कामगार. शाळा आमची सातवीला सुटली. पुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि सभांच्या सतरंजीवर बसून. तेव्हा महत्त्व सांगण्याचे काम विद्वानांवर सोपवून आम्ही शिक्षण देणाऱ्या माणसाबद्दल चार शब्द बोलणार आहोत. त्याला पगार किती, त्याला सुट्टी किती आणि लोक त्याला काय म्हणतात. पगार, रजा आणि बदनामी या तीन गोष्टी गिरणीतल्या माणसाला कुणी शिकवाव्या लागत नाहीत.

आपल्या नाक्यावर, नळावर, लग्नाच्या मांडवात तीन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, "मास्तरला काय, लाखभर पगार." दोन, "वर्षातले सहा महिने तर सुट्टीच." तीन, "शिकवतात कुठं हो, मोबाईल बघत बसतात." बोलणारा माणूस परका नसतो. तो आपलाच असतो, आणि पुष्कळदा त्याच्याच घरात डी.एड., बी.एड. झालेली मुलगी किंवा सून बसलेली असते. म्हणून या तीन वाक्यांचा हिशेब आज मांडू.

पहिले वाक्य पगाराचे. आम्ही विचारतो, कोणत्या मास्तरचा पगार? गिरणीत 'कामगार' म्हटले की एकच माणूस नसायचा. कायम कामगार वेगळा, बदली कामगार वेगळा, कंत्राटदाराचा माणूस वेगळा. तिघे एकाच खात्यात एकच घाम गाळायचे, पण पगाराच्या दिवशी तिघांची पाकिटे वेगळी. शाळेत आज तेच आहे.

पहिला आहे सरकारी, पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेतला कायम शिक्षक. सातवा वेतन आयोग महाराष्ट्रात जानेवारी २०१९ मध्ये लागू झाला, तोही १ जानेवारी २०१६ पासून धरून. त्यात प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून सुरू होते. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे. पंचवीस-तीस वर्षे नोकरी झालेल्या शिक्षकाचा एकूण पगार लाखाच्या घरात जातो. हे खरे आहे आणि ते लपवण्याचे काही कारण नाही. माणसाने तीस वर्षे पोरे शिकवून म्हातारपणी पोटभर पगार घेतला, तर त्यात चोरी कसली?

दुसरा आहे शिक्षणसेवक. ही योजना राज्यात २००० साली आली. शिक्षक व्हायचे तर आधी तीन वर्षे मानधनावर राबायचे, मग कायम. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला मानधन होते महिना ३,००० रुपये. म्हणजे दिवसाला शंभर रुपये. पुढे ते ६,००० झाले आणि वर्षानुवर्षे तिथेच राहिले. १ जानेवारी २०२३ पासून ते वाढवून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० केले. आता विचार करा, २०२२ साली डी.एड. झालेला तरुण गावाकडच्या शाळेत दिवसाला दोनशे रुपयांवर तोच वर्ग, तोच फळा, तीच पोरे सांभाळत होता. नाक्यावरचा माणूस मात्र त्यालाही म्हणायचा, "लाखभर पगार!"

तिसरा आहे विनाअनुदानित शाळेतला. २००१ च्या सुमारास सरकारने शाळांना परवानगी देताना 'कायम विनाअनुदानित' असा शब्द घातला. २००९ मध्ये त्यातला 'कायम' शब्द काढला. प्रत्यक्षात २०१६ मध्ये २० टक्के अनुदानाचा टप्पा सुरू झाला, आणि पुढचा प्रत्येक टप्पा या लोकांनी आंदोलन करून मिळवला. जुलै २०२५ मध्ये भर पावसात हेच शिक्षक आझाद मैदानात बसले होते. पंधरा-पंधरा वर्षे शिकवून पूर्ण पगाराचे तोंड न पाहिलेली ही माणसे. मैदानात चिखलात बसलेला शिक्षक पाहून काही लोक म्हणाले, "पोरांना सोडून संपावर बसलेत." हे वाक्य आम्हाला नवे नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, तेव्हा आम्ही शाळकरी पोर होतो आणि आमचे वडील संपात होते. तेव्हाही चांगल्या कपड्यातले लोक म्हणत, "एवढा पगार मिळतो तरी माज बघा." चूल कुणाची विझली हे म्हणणाऱ्याला ठाऊक नव्हते.

चौथी आहे आपलीच मुलगी. खाजगी, इंग्रजी माध्यमाच्या, छोट्या शाळेत शिकवणारी. आपल्या वस्तीत अशा मुली किती आहेत ते मोजा, बोटे पुरायची नाहीत. सही एका आकड्यावर, हातात दुसराच आकडा. मे महिना आला की पगार नाही, कारण शाळा बंद. जूनमध्ये नवे नियुक्तीपत्र, म्हणजे नोकरी पुन्हा पहिल्यापासून. आम्ही १९९० च्या सुमारास साचेखात्यात बदली म्हणून लागलो तेव्हा रोज गेटवर उभे राहायचो. नाव पुकारले तर पाळी, नाही तर घरी. या मुली शिकलेल्या आहेत, साडी नीट नेसून जातात, पण त्यांचे कार्ड बदलीचेच आहे, बंधूंनो.

आता एक साधा हिशेब करा. धरा, वर्गात चाळीस पोरे आणि महिन्याची फी दीड हजार. एका वर्गामागे महिन्याला साठ हजार गोळा झाले. वर्गशिक्षिकेच्या हातात पडले आठ-नऊ हजार. इमारतीचा, विजेचा, शिपायाचा खर्च धरा, तरी बाकीचे गेले कुठे? गिरणीत आम्ही मालकाला हाच प्रश्न विचारायचो, उत्पादन किती आणि मजुरी किती. शाळेत मात्र पालक संस्थाचालकाला काही विचारत नाही. तो त्या मुलीवर ओरडतो, "आम्ही एवढी फी भरतो!" फी भरतो एकाकडे, आणि आवाज चढवतो दुसरीवर.

या मुलींनी काही कायदे माहीत करून घेतले पाहिजेत, म्हणून थोडे सांगतो. शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याखाली 'कामगार' नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये दिला. तो खटला गोव्यातल्या एका शिक्षिकेचा होता. त्यामुळे आमच्यासारखे लेबर कोर्टाचे दार शिक्षकाला उघडले नाही. पण महाराष्ट्रात खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आहे, त्याची १९८१ ची नियमावली आहे. मान्यताप्राप्त शाळेने ठरलेली वेतनश्रेणी द्यावी असे त्यात आहे, अनुदान नाही ही सबब त्याला चालत नाही. कायम शिक्षकाला नोकरीवरून काढले तर ३० दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. दिवस मोजून ठेवा, उशीर करू नका. ग्रॅच्युइटीचेही तसेच. २००४ मध्ये न्यायालयाने म्हटले की शिक्षक त्या कायद्यात बसत नाही. मग संसदेने २००९ मध्ये कायदा दुरुस्त केला, ३ एप्रिल १९९७ पासून शिक्षकांना हक्क दिला, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. तेव्हा पाच वर्षे सलग नोकरी केलेल्या खाजगी शाळेतल्या शिक्षिकेने सोडताना ग्रॅच्युइटी मागायची. आणि सलग नोकरीचा पुरावा म्हणून प्रत्येक नियुक्तीपत्र, प्रत्येक बँकेची नोंद जपून ठेवायची. जून ते एप्रिलचे तुकडे का पाडतात, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल.

पेन्शनबद्दल एकच सांगतो. १ नोव्हेंबर २००५ आणि नंतर लागलेल्या शिक्षकांची जुनी पेन्शन गेली. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यातले सरकारी कर्मचारी आणि शिक्षक सात दिवस संपावर होते. तेव्हा आमच्यातले काही जण म्हणाले, "आम्हाला मिळते का? मग त्यांना कशाला?" आमच्या गिरणीवाल्यांचे ईपीएस ९५ चे पेन्शन किती ते या सभेतल्या म्हाताऱ्यांना विचारा. २०१४ पासून त्याची किमान रक्कम महिना १,००० रुपये आहे. एवढ्यात औषध येत नाही. पण शेजाऱ्याची भाकरी काढून घेतल्याने आपल्या ताटात काही वाढून येत नाही. त्याला मिळते ते आम्हालाही मिळाले पाहिजे, असे म्हणणारा तो कामगार. मला नाही तर त्यालाही नको, असे म्हणणारा मालकाचा मुकादम.

दुसरे वाक्य सुट्टीचे. "सहा महिने सुट्टी." चला, बोटे मोजू. राज्याच्या शाळा संहितेप्रमाणे वर्षातल्या सगळ्या सुट्ट्या, उन्हाळी, दिवाळी, सणवार धरून, ७६ पेक्षा जास्त होता कामा नयेत, आणि कामाचे दिवस किमान २३० भरले पाहिजेत. रविवार ५२. बावन्न आणि शहात्तर, झाले १२८. आता मंत्रालयातल्या किंवा सरकारी कचेरीतल्या माणसाचे पाहू. २९ फेब्रुवारी २०२० पासून त्याला पाच दिवसांचा आठवडा आहे. शनिवार-रविवार मिळून १०४. त्यात वीसेक सार्वजनिक सुट्ट्या घाला. झाले १२४ च्या आसपास. शिवाय त्याला वर्षाला ३० दिवस अर्जित रजा. शिक्षक दीर्घ सुट्टीचा कर्मचारी म्हणून ही रजा त्याला तशी पूर्ण मिळत नाही, आणि पाच दिवसांचा आठवडा शाळांना लागू केलेला नाही. म्हणजे हिशेब बरोबरीचाच आहे, उलट कचेरीवाल्याचे पारडे थोडे जडच. फरक इतकाच की शिक्षकाची सुट्टी एकदम येते आणि आपली पोरे त्या दिवसांत घरात धुडगूस घालतात, म्हणून ती आपल्या डोळ्यांत भरते.

आम्हाला गिरणीत कारखाने कायद्याप्रमाणे २४० दिवस भरले तर दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळायची. ती कमी होती, म्हणून आम्ही ती वाढवून मागायचो. दुसऱ्याची कमी करा असे कधी मागितले नाही.

आणि सुट्टीत शिक्षक काय करतो? निवडणूक आली की मतदारयादी त्याच्याकडे, मतदान केंद्रावर तो. जनगणनेला तो. कोरोनाच्या २०२० सालात घरोघर सर्वेक्षणाला, तपासणी नाक्यावर, धान्यवाटपाला शिक्षकच उभे केले. जानेवारी २०२४ मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाचे मराठा सर्वेक्षण झाले, त्यातही दारावर उभा होता तो शिक्षक. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ सांगते की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक याखेरीज शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम देऊ नये. शिवाय पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती भरणे, आधार जोडणे हे रोजचे. वर्गात मोबाईल बघणारा शिक्षक कधी टाइमपास करतो, हे खरे. आणि कधी तो वरून आलेली माहिती "आजच्या आज पाठवा" म्हणून भरत असतो, हेही खरे. आपण खिडकीतून पाहतो तेव्हा दोन्ही सारखेच दिसतात. तेव्हा आत जाऊन विचारावे.

इथे तिसरे वाक्य आले, टीकेचे. कुणी म्हणेल, हे साहेब शिक्षकांचे वकीलपत्र घेऊन आलेत. तसे नाही. शिक्षकावर टीका करण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि काही ठिकाणी ती जोरात केली पाहिजे. २०२१ मध्ये टीईटी परीक्षेचा घोटाळा उघड झाला, पैसे मोजून पास झालेले उमेदवार सापडले. २०२५ मध्ये नागपुरात बोगस शालार्थ आयडीचे प्रकरण निघाले, भरतीच खोटी आणि पगार मात्र सरकारी तिजोरीतून. अशा माणसाला शिक्षक म्हणायचे नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलाला मारहाण आणि मानसिक छळ यांना बंदी आहे. कलम २८ ने शिक्षकाला खाजगी शिकवणी घ्यायला बंदी आहे. आणि जो शिक्षक पोराचे आडनाव विचारून त्याला मागच्या बाकावर धाडतो, त्याच्याबद्दल गप्प बसणे हा आपल्या पोराचा घात आहे. तिथे तक्रार लेखी, सही करून, पोच घेऊन द्यायची.

पण टीका वेगळी आणि शिव्या वेगळ्या. टीकेत तारीख असते, वर्ग असतो, काय घडले ते असते. शिव्यांमध्ये 'हे मास्तर लोक' असतात. 'हे गिरणीवाले', 'हे झोपडपट्टीवाले', 'हे आरक्षणवाले' अशी वाक्ये ऐकत आपण मोठे झालो. सरसकट बोलण्याची जखम काय असते ते आपल्याला ठाऊक आहे. मग तेच हत्यार आपण दुसऱ्यावर का उगारावे?

आपल्या इतिहासात शिक्षकावर काय काय बेतले ते आठवा. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीमाई शिकवायला निघाल्या, तेव्हा त्यांच्या अंगावर शेण-चिखल टाकला गेला. तीही 'लोकांची टीका'च होती. बाबासाहेब १९१८ ते १९२० सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, तेव्हा तिथल्या काही सहकाऱ्यांनी एका माठातले पाणी पिण्यास हरकत घेतली. त्याच प्राध्यापकीच्या पगारातून काटकसरीने शिल्लक टाकून ते पुढचे शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. त्यांचे वडील सुभेदार रामजी हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. म्हणजे बाबासाहेब एका शिक्षकाचे चिरंजीव. आपल्याही किती घरांत पहिला महिना-पगार आणला तो शिक्षकाने. त्या पगारावर भावंडे शिकली, बहिणींची लग्ने झाली. तो पगार फुकटचा होता असे कोण म्हणेल?

आणि महात्मा फुले. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले. त्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी सर्वांना माहीत आहे. पण त्याच निवेदनात त्यांनी शिक्षकाच्या पगाराचा आकडा घातला होता, हे फार थोड्यांना माहीत. शिकवण्याचे शिक्षण घेतलेला शिक्षक हवा, त्याला महिना १२ रुपयांपेक्षा कमी नको, मोठ्या गावात १५ ते २० हवेत, असे त्यांचे म्हणणे. जोतीराव भावनेवर थांबले नाहीत. पोरगा शिकायचा असेल तर शिकवणाऱ्याचे पोट भरले पाहिजे, हा व्यवहार त्यांनी सरकारच्या तोंडावर मांडला. ३ जानेवारीला आपण सावित्रीमाईंच्या फोटोला हार घालतो. हार घालणारे हात पगाराच्या प्रश्नावर मागे जाऊ नयेत.

आता करायचे काय? तीन कामे सांगतो आणि थांबतो.

पहिले, पालिकेच्या आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याप्रमाणे तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असायला हवेत आणि निम्म्या महिला. ही आपल्या हातातली गोष्ट आहे. त्या बैठकीला जा. शिक्षकांची किती पदे मंजूर, किती भरली, पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक आहे का, ते विचारा. दोन वर्ग एका बाईंच्या गळ्यात बांधून वर "शिकवत नाहीत" म्हणणे हे साच्यावर माणूस न ठेवता कापड मागण्यासारखे आहे. पट कमी झाला म्हणून शाळा बंद करण्याच्या गोष्टी वरच्या पातळीवर होत असतात. नाक्यावर शाळेला नावे ठेवून आपण पट आणखी कमी करतो, हे ध्यानात घ्या. वस्तीतली शाळा गेली तर आठ-नऊ हजारांवर राबणाऱ्या मुलीची खाजगी शाळा तेवढी उरेल, आणि तिची फी आपल्याला झेपणार नाही.

दुसरे, खाजगी शाळेत पोर घालताना फी विचारता तसे शिक्षिकेला पगार किती देता, तेही विचारा. उत्तर देणार नाहीत. पण दहा पालकांनी विचारले तर मालकाला कळेल की बघणारे डोळे आहेत.

तिसरे काम आपल्या दारातले. आपल्या विहारात संध्याकाळचा अभ्यासवर्ग सुरू करण्याचे समितीच्या मनात आहे. फार चांगले. त्यासाठी वस्तीतल्या दोन शिकलेल्या मुलींची नावेही पुढे आली आहेत. आमची समितीला हात जोडून विनंती आहे, त्यांना "समाजाचे काम आहे, दानाचे काम आहे" म्हणून फुकट राबवू नका. दान ज्याचे त्याने स्वखुशीने द्यावे, दुसऱ्याच्या मुलीच्या वेळेचे दान आपण परस्पर जाहीर करू नये. मानधन ठरवा, आकडा कागदावर लिहा, महिन्याच्या ठरल्या तारखेला द्या, आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी ठेवा. वर्गणीची पावती फाडताना एक रकाना 'अभ्यासवर्ग शिक्षिका मानधन' असा ठेवा. पहिल्या महिन्याची आमची वर्गणी आम्ही आजच खजिनदारांकडे जमा करत आहोत.

आणि तो वर्ग सुरू झाल्यावर पोराला काही येत नसेल, तर त्या मुलीला जाऊन नीट विचारा. कोणता धडा, कोणते गणित, काय अडते. पगार वेळेवर देणाऱ्या माणसाला असे विचारण्याचा हक्क आहे, आणि अशा माणसाचे विचारणे शिक्षकालाही आवडते.